हेअरफर्डशरमधलं लिस्टेड फार्महाउस विक्रीला आहे, घ्यावं का?

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. सल्ला हवाय. इथले बरेच जण इंग्लंडात घर घेऊन मुरलेले आहेत म्हणून इथेच विचारते.

आम्ही रेडिंगला राहतो. लेक युनिव्हर्सिटीत गेली, माझं काम घरूनच चालतं, नवऱ्याला अधूनमधून लंडनला जावं लागतं. खेड्यातलं जुनं घर घ्यायचं हे दोघांचंही फार दिवसांचं वेड. हेअरफर्डशरमध्ये पेम्ब्रिजच्या बाजूला एक फार्महाउस विक्रीला आलंय. ग्रेड टू लिस्टेड, म्हणजे जपायच्या जुन्या इमारतींच्या सरकारी यादीतलं. एजंटच्या कागदावर 'सोळावं शतक, नंतर वाढवलेलं' असं लिहिलंय. काळ्या लाकडांची चौकट आणि मधे पांढरे चौकोन, त्या भागात सगळीकडे दिसतात तसे. खाली दगडी फरशीचा दिवाणखाना, त्यात एवढी मोठी चूल की माणूस वाकून आत उभा राहील, आणि चुलीच्या कुशीत पाव भाजायची विटांची भट्टी. मागे हॉप (बिअरमध्ये घालायची फुलं) वाळवायचा किल्न म्हणजे भट्टीघर, एक कोठार, तीन एकर जमीन आणि त्यात सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूसाठीच्या, सफरचंदांची बाग. आवारातून एक सार्वजनिक पायवाट जाते.

मागणी ८ लाख २५ हजार पौंडांची. आम्ही पोटमाळ्यावरही चढलो. तिथले वासे काळेकुट्ट आहेत, हात लावला की बोटं काळी होतात. एजंट म्हणाला, कधीतरी आग लागली असेल. घराच्या मागच्या बाजूला काचेची खोली आहे आणि स्वयंपाकघर व जेवणघर यांच्यातली भिंत काढून एकच मोठी खोली केलेली आहे. मालक म्हणतात हे सगळं नव्वदच्या दशकातलं, त्यांच्या आधीच्या मालकांनी केलेलं.

लिस्टेड घरात राहणं रोजच्या व्यवहारात कसं असतं? काय करता येतं, काय नाही? खर्च किती पुढे सरकतो? ज्यांनी असं घर घेतलंय किंवा घेता घेता सोडलंय, त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

अनघा_डी
वाचूनच हेवा वाटला. फोटो टाका ना!

टारझन_पुणेकर
चुलीत माणूस उभा राहतो म्हणजे आमच्या पहिल्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरापेक्षा चूल मोठी. घ्या डोळे मिटून!

चुनागच्ची
डोळे मिटून अजिबात घेऊ नका, उघडे ठेवून घ्या. जुन्या इमारतींची दुरुस्ती हेच माझं काम असल्याने जरा लांबण लागेल.

पहिली गोष्ट, ग्रेड टू म्हणजे 'खालचा वर्ग, त्यामुळे नियम सैल' असं नाही. इंग्लंडमधल्या लिस्टेड इमारतींपैकी सुमारे ९१.७ टक्के ग्रेड टूच आहेत. त्यावर ग्रेड टू स्टार ५.८ टक्के आणि ग्रेड वन २.५ टक्के. कायदा तिघांना एकच, १९९० चा. सन १७०० च्या आधीची आणि मूळ रूप बऱ्यापैकी टिकवून असलेली जवळपास प्रत्येक इमारत यादीत असते, तेव्हा हे घर यादीत असणारच.

दुसरी, लिस्टिंग फक्त दर्शनी भागाचं नसतं. आतला जिना, दारं, गिलावा, फरशी, तुळया, सगळं त्यात येतं. ही यादी सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर तुमच्या घराची नोंद फुकट वाचता येईल. जुन्या नोंदी चारपाच ओळींच्या असतात, कारण तपासनीस बऱ्याचदा आत न जाता रस्त्यावरून पाहून लिहीत. नोंदीत चुलीचा उल्लेख नाही म्हणजे चूल संरक्षित नाही, असा अर्थ कुणी काढू नये. आवारातली १ जुलै १९४८ च्या आधीची बांधकामंही सहसा घरासोबतच धरली जातात. तुमचा किल्न आणि कोठार त्यात येण्याची दाट शक्यता आहे.

तिसरी, इमारतीच्या वैशिष्ट्याला धक्का लागेल असा कोणताही बदल विनापरवाना करणं हा फौजदारी गुन्हा आहे. कमाल शिक्षा दोन वर्षं कैद आणि दंडाला वरची मर्यादा नाही. परवानगीच्या अर्जाला शुल्क नाही, निकाल आठ आठवड्यांत यावा अशी अपेक्षा असते. नकाशे आणि अहवाल करून घेण्याचा खर्च मात्र तुमचा.

आणि ते काळे वासे! आगीने लाकडाचा पृष्ठभाग जळून भेगाळतो. सगळे वासे सारखेच काळे असतील आणि बोटाला काजळी लागत असेल, तर तो बहुधा चुलीचा धूर आहे. मध्ययुगीन घरात धुराडं नसे. घराच्या मधोमध जमिनीवर विस्तव, वर आढ्यापर्यंत उघडी जागा, धूर कौलांतून किंवा गवतातून वाट काढी. धुराडी आणि वरचे मजले बऱ्याच घरांत सोळाव्या-सतराव्या शतकात घातले गेले. तुमच्या पोटमाळ्यावर तो धूर अजून शाबूत असेल, तर छप्पर एजंट म्हणतो त्याहूनही जुनं असू शकेल. कुणी 'स्वच्छ करून देतो' म्हणालं तर त्याला शिडीवर पाय ठेवू देऊ नका. वाशांचे फोटो दाखवता आले तर जरूर दाखवा.

रोखठोक_सदा
माझं मत कुणाला आवडणार नाही, तरी लिहितो. आठ लाख पौंड आपण मोजायचे, कर्ज आपण फेडायचं, छप्पर आपण शाकारायचं आणि खिडकी कोणती लावायची ते कौन्सिलमधला माणूस ठरवणार. याला मालकी म्हणत नाहीत. ही विनापगारी राखणदारी झाली. तेवढ्याच पैशांत नवं, उबदार, दुहेरी काचांचं घर येईल आणि उरलेल्या पैशांत नाशिकला बंगला.

शिवाय दुरुस्तीवर सरकार काय देतं? उलट घेतंच. मंजूर फेरबदलांवर आधी व्हॅट शून्य होता, तो १ ऑक्टोबर २०१२ पासून गेला. आता दुरुस्ती असो की फेरबदल, २० टक्के. जपायला सांगायचं आणि जपणाऱ्याकडूनच कर घ्यायचा, हे मला अन्यायाचं वाटतं.

चुनागच्ची
सदा, व्हॅटच्या मुद्द्यावर शंभर टक्के सहमत. आमच्या क्षेत्रातली जवळजवळ सगळी मंडळी हेच म्हणतात. एक छोटी सवलत आहे, घर दोन वर्षं रिकामं असेल तर बऱ्याच कामांवर ५ टक्के लागतो. पाऊलवाट यांच्या घरात लोक राहतायत, त्यामुळे ती इथे नाही.

खिडकीबद्दल मात्र चित्र तुम्ही रंगवलंत तेवढं वाईट नाही. होतं तसंच, त्याच सामानाने दुरुस्त करायला बहुतेक वेळा परवानगी लागत नाही. आतल्या भिंतींचा साधा रंग, पडदे, फळ्या यासाठी कुणी विचारत नाही. जुन्या काचेच्या आतल्या बाजूला दुसरी तावदानं बसवली तर थंडी आणि आवाज दोन्ही कमी होतात, आणि अशा कामाला होकार सहज मिळतो. २०२४ च्या जुलैमध्ये हिस्टॉरिक इंग्लंडने जुन्या घरांमधल्या ऊर्जाबचतीवर मार्गदर्शिका काढली, तिचा सूरही 'विचारपूर्वक करा' असा आहे, 'करूच नका' असा नाही.

मीनल_सफोक
आम्ही सफोकमध्ये सतराव्या शतकातल्या फार्महाउसमध्ये राहतो. ग्रेड टू, लाकडी सांगाडा, गवती छप्पर, बाहेरून फिका गुलाबी चुना. या भागात गुलाबी घरांची जुनीच चाल आहे.

घर घेतलं तेव्हा बाहेरून सिमेंटचा गिलावा होता, साधारण साठच्या दशकातला. दिसायला गुळगुळीत, सुबक. आत मात्र उत्तरेकडच्या खोलीत कायम कुबट वास यायचा आणि कपाटातल्या साड्यांना बुरशी धरायची. आमच्या सुताराने खालच्या कोपऱ्यात हातभर गिलावा काढून दाखवला. सगळा सांगाडा ज्या आडव्या ओकच्या तुळईवर उभा, तिच्यात त्याने पेचकस घातला आणि तो मुठीपर्यंत आत गेला. लाकूड हातात आलं ते चहाच्या चोथ्यासारखं. त्याच तुळईचा दोन हात पलीकडचा भाग, जिथे गिलावा तडकून वारा लागत होता, तिथे पेचकस टोचेना.

सिमेंट पाणी आत घेतं, कारण त्याला भेगा पडतात, आणि ते पाणी परत बाहेर सोडत नाही. चुना घेतलेला ओलावा सोडून देतो. सगळं सिमेंट उतरवलं, कुजलेला भाग कापून त्या जागी नव्या ओकचा तुकडा सांधला, पट्ट्या ठोकून बकऱ्याचे केस घातलेला चुन्याचा गिलावा तीन हातांत केला. चुन्याला घाई चालत नाही. कडक उन्हात ओली गोणपाटं लावायची, थंडी पडायच्या आत काम संपवायचं. तेव्हापासून त्या खोलीत वास नाही. साड्या परत त्याच कपाटात गेल्या.

छपराचं म्हणाल तर आढ्यावरची गवताची माळ साधारण दहा ते पंधरा वर्षांनी बदलावी लागते. विमा खास कंपन्यांकडूनच घ्यावा लागला, कारण नेहमीच्या कंपन्या गवत म्हटलं की दार लावतात. पाऊलवाट यांचं छप्पर कौलांचं किंवा दगडी असणार, तेवढी काळजी कमी.

सदा, तुमचा हिशेब बरोबर आहे. आम्ही पैशाचा विचार करून हे घर घेतलेलं नाही. पण मला कधी राखणदारी वाटली नाही. कौन्सिलच्या कॉन्झर्व्हेशन ऑफिसर (जुन्या इमारतींच्या जतनाचं काम बघणाऱ्या) बाई घरी आल्या, त्यांनीच चांगल्या सुताराची ओळख करून दिली.

टारझन_पुणेकर
भूत आहे का घरात? एजंटला विचारून ठेवा, भाड्याने राहतंय की मालकी हक्काने.

मीनल_सफोक
भुताला परवानगी लागत नाही, वटवाघळाला लागते! खरंच सांगते. इथल्या सगळ्या १८ जातींच्या वटवाघळांना कायद्याचं संरक्षण आहे. ती निघून गेलेली असली तरी त्यांच्या वस्तीची जागा बुजवता येत नाही. पोटमाळ्यावर काही करायचं तर आधी तज्ज्ञाकडून पाहणी, आणि संध्याकाळी किती बाहेर पडतात ते मोजायचं काम फक्त मे ते सप्टेंबरमध्ये होतं. हिवाळ्यात छपराचं काम ठरवलं असेल तर ही गोष्ट आधी बघा.

गावठाण
मी रत्नागिरीजवळचा, इंग्लंडला कधी गेलेलो नाही. पण पांढरे चौकोन नेमके कशाचे असतात हे कुणी सांगेल का? वीट की माती?

चुनागच्ची
बऱ्याच जुन्या घरांत कुडाचेच. ओकच्या उभ्या काठ्या, त्यांत हेझलच्या लवचीक फांद्या विणायच्या, वरून माती, शेण आणि चिरलेला पेंढा यांचं लिंपण, शेवटी चुना. पुढे काही चौकोनांत विटा भरल्या गेल्या.

आणि सगळ्या लाकडाला काळा रंग द्यायची पद्धत बरीचशी एकोणिसाव्या शतकातली. मूळचा ओक तसाच ठेवायचे, तो उन्हापावसाने रुपेरी होतो. पाऊलवाट, तुमच्या घराला आधुनिक काळं पेंट मारलेलं असेल तर त्याखाली लाकूड ओलं राहतंय का, हे सर्व्हेअरला जरूर तपासायला सांगा.

गावठाण
मग हे आमच्या आजोळच्या घराच्याच जातीचं झालं. तिथे कारवीच्या काठ्यांचा कूड होता, दर दिवाळीच्या आधी आजी आणि मामी मिळून लिंपायच्या. मामांनी सिमेंट केलं आणि पुढच्या दोन-तीन पावसांत खालून ओल चढली. सफोकच्या ताईंचा प्रतिसाद वाचताना तेच आठवत होतं. आपल्याकडे आता कूड विणणारा माणूस शोधून सापडत नाही. तिकडे सापडतो?

मीनल_सफोक
सापडतो, पण त्याच्याकडे थांबावं लागतं. आमचा सुतार पुढच्या वर्षीच्या तारखा देतो.

कलमबहादूर
मी इथे घरखरेदीची कायदेशीर कामं करतो. हा सर्वसाधारण सल्ला समजा, तुमचा सॉलिसिटर (वकील) कागद बघून सांगेल तेच अंतिम.

माझं लक्ष चुलीकडे गेलं नाही, त्या पाडलेल्या भिंतीकडे आणि काचेच्या खोलीकडे गेलं. साध्या घरात विनापरवाना बांधकाम ठरावीक वर्षांनी कारवाईतून सुटतं. लिस्टेड घरात तसं नाही. बेकायदा बदल पूर्ववत करण्याच्या नोटिशीला मुदतच नाही, आणि नोटीस लागते ती आज जो मालक आहे त्याला. फौजदारी गुन्हा ज्याने केला त्याचा, पण भिंत परत बांधायचा खर्च तुमचा. तेव्हा विक्रेत्याकडे दोन्ही कामांची परवानगी लेखी मागा. तोंडी 'आधीच्या मालकांनी केलं' याला काही किंमत नाही.

ते बहुधा नुकसानभरपाईची विमा पॉलिसी देऊ करतील. इथे एक मेख आहे. कौन्सिलला या बदलांबद्दल तुम्ही आधी विचारलंत, तर विमा कंपनी पॉलिसी देणार नाही. म्हणून सॉलिसिटरशी बोलल्याशिवाय कौन्सिलला फोन करू नका.

शेताच्या जुन्या घरांबाबत अजून काही. चर्चच्या गाभाऱ्याच्या दुरुस्तीचा बोजा जमिनीवर आहे का ते पाहा. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅंटलो गावच्या शेतमालकांचं प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं, २००३ मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला आणि गावच्या चर्चच्या दुरुस्तीचे पावणेदोन लाख पौंडांच्या वर त्यांच्या अंगावर आले. ऑक्टोबर २०१३ नंतर असा बोजा नोंदवलेला नसेल तर नव्या खरेदीदाराला सहसा लागत नाही, तरी नोंद बघायचीच. घरावर 'फक्त शेतीत काम करणाऱ्यानेच राहावं' अशी अट नाही ना, हेही पाहा. ती बहुतेक युद्धानंतर बांधलेल्या घरांवर असते, पण कर्ज देणारी बँक विचारतेच.

स्टॅम्प ड्युटी ८ लाख २५ हजारांवर ३१,२५० पौंड. रेडिंगचं घर न विकता ठेवणार असाल तर वर ५ टक्के अधिभार, म्हणजे आणखी ४१,२५०.

रोखठोक_सदा
७२,५०० पौंड नुसता कर! धन्यवाद साहेब, माझ्या बाजूने एवढा भक्कम पुरावा कुणी दिला नव्हता.

चुनागच्ची
कलमबहादूर, बाकी सगळं मान्य, पण पॉलिसीच्या बाबतीत मी वेगळं म्हणेन. पॉलिसी फार तर पैसे देईल. भिंतीचा प्रश्न घरातच राहतो. उद्या पाऊलवाट किल्नसाठी किंवा न्हाणीघरासाठी अर्ज करतील, ऑफिसर पाहणीला येतील, आणि काढलेली भिंत त्यांना पहिल्या पाच मिनिटांत दिसेल. मग पॉलिसी घेऊन आयुष्यभर कुठलाच अर्ज करायचा नाही का? माझ्या मते विक्रेत्यालाच अर्ज करायला लावावा. मंजुरी त्या दिवसापासून पुढे लागू होते, मागचा गुन्हा पुसला जात नाही, पण बदल ठेवायचा की नाही याचा लेखी निर्णय तरी हातात येतो.

कलमबहादूर
तुमचं म्हणणं इमारतीच्या बाजूने बरोबर आहे. खरेदीदाराच्या बाजूने अडचण अशी की विक्रेत्याने नकार दिला आणि दुसरं गिऱ्हाईक पॉलिसीवर तयार असलं, तर घर हातचं जातं. इंग्लंडात करारांची अदलाबदल होईपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे फिरू शकतं. जिला हे घर पुढची तीस वर्षं वापरायचंय तिने चुनागच्चींचं ऐकावं, एवढं मी मान्य करतो.

लेम्स्टरकर
उशिरा आलो. मी त्याच भागात डॉक्टर आहे, त्यामुळे घराबद्दल नाही, राहण्याबद्दल लिहितो.

गॅसची पाइपलाइन नसणार. तेलाची टाकी असेल, हिवाळ्याच्या आधी भरून ठेवायची. सांडपाणी सेप्टिक टॅंकमध्ये जात असेल तर ते थेट ओढ्यात सोडलेलं नाही ना ते पाहा, २०२० पासून तसं चालत नाही आणि विक्रीच्या वेळी सोक्षमोक्ष लावावा लागतो. घरून काम करता तर इंटरनेटचा वेग एजंटला विचारू नका, शेजारच्या घरी जाऊन विचारा. बसवर विसंबून राहता येत नाही, दोघांना दोन गाड्या लागतील. लेम्स्टरहून हेअरफर्ड आणि श्रूझबरीकडे रेल्वे आहे, लंडनला जायचं तर गाडी बदलावी लागते.

लोक? मी आलो तेव्हा पंचक्रोशीत आमचं एकच मराठी कुटुंब. पहिल्या हिवाळ्यात बायकोला फार एकटं वाटलं, आणि ते मी लपवणार नाही. गणपतीला लंडन किंवा बर्मिंगहॅम गाठतो. पण जानेवारीत इथे सफरचंदांच्या बागेत मंडळी मशाली घेऊन जमतात, झाडांसाठी गाणी म्हणतात, जुन्या झाडाच्या मुळाशी सायडर ओततात, म्हणजे पीक चांगलं येतं अशी श्रद्धा. पहिल्या वर्षी शेजारचे आजोबा स्वतः बोलवायला आले. आम्ही तिळगूळ घेऊन गेलो. आता दरवर्षी तिळगुळाची मागणी होते.

पायवाटेबद्दल: ती अडवता येत नाही, आणि फाटक-पायऱ्या ठीक ठेवणं जमीनमालकाकडे असतं. कुत्रा मोकळा सोडणार असाल तर विचार करा. मला मात्र ती वाट असलेली आवडेल. गावाशी ओळख त्याच वाटेने होते.

अनघा_डी
तिळगुळाचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. अवांतर विचारते, त्या घरांमध्ये दारांवर, चुलीवर कोरलेल्या खुणा असतात म्हणे?

चुनागच्ची
असतात. कंपासने काढलेलं सहा पाकळ्यांचं फूल, एकमेकांत गुंतलेले दोन व्ही, मेणबत्तीच्या ज्योतीने मुद्दाम पाडलेले थेंबाच्या आकाराचे जळके डाग. अशा खुणा बहुधा चुलीच्या आडव्या तुळईवर, दाराखिडक्यांवर, म्हणजे बाहेरचं वाईट आत शिरेल अशी भीती जिथे वाटायची तिथे. धुराड्यात दडवलेले जुने जोडेही सापडतात, नॉर्थॅम्प्टनच्या संग्रहालयात त्यांची नोंदवहीच ठेवली आहे. खुणा तिरप्या उजेडात दिसतात. पाऊलवाट, पुढच्या वेळी बॅटरी घेऊन जा.

टारझन_पुणेकर
म्हणजे तिथेही उंबऱ्यावर काहीतरी काढल्याशिवाय झोप येत नव्हती. आपलीच माणसं!

गावठाण
हॉपच्या किल्नमध्ये पाहुण्यांसाठी खोल्या करून भाड्याने देता येतील का? खर्च निघेल.

कलमबहादूर
शेतीच्या इमारतीचं घर करायला जो सोपा मार्ग आहे, तो लिस्टेड आवारात मिळत नाही. पूर्ण नियोजन परवानगी आणि लिस्टेड परवानगी, दोन्ही अर्ज. अशक्य नाही, पण त्या उत्पन्नावर कर्जाचा हिशेब बसवू नये.

पाऊलवाट
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. मधल्या काळात बरंच घडलं, ते सांगते.

सविस्तर सर्व्हे करून घेतला, जुन्या लाकडी इमारतींचा जाणकार मुद्दाम शोधून. चुनागच्ची, तुमचा तर्क खरा ठरला. वासे धुरानेच काळे झालेत, आणि पूर्वेकडच्या खोलीत जमिनीपासून आढ्यापर्यंत गेलेली वाकड्या खोडाची जोडी भिंतीत दडलेली सापडली. सर्व्हेअरच्या मते हा भाग पंधराव्या शतकातला असावा, नक्की साल लाकडातली वर्षवलयं मोजून कळेल. ते ऐकताना एजंट जिन्यातच थांबला होता.

वाईट बातमी पश्चिमेच्या भिंतीची. चौकोनांत विटा आणि सिमेंट भरलंय, खालची तुळई आठ फुटांपर्यंत मऊ आहे. काळं पेंट प्लास्टिकसारखं पापुद्रे धरून निघतं आणि त्याखाली ओल.

नव्वदच्या दशकातल्या कामांचे कागद मागितले. काचेच्या खोलीची परवानगी मिळाली, सही-शिक्क्यासह. भिंतीची नाही. कलमबहादूर म्हणाले तसंच झालं, विक्रेत्याच्या वकिलाने लगेच पॉलिसी पुढे केली. आम्ही दोघांनी रात्रभर वाद घातला. नवऱ्याचं म्हणणं, पॉलिसी घ्या आणि मोकळे व्हा. माझं म्हणणं, या घरात मला पुढे बरंच काही दुरुस्त करायचंय, आणि दर वेळी ऑफिसर आल्यावर स्वयंपाकघराचं दार ओढून घ्यायचं, हे मला जमणार नाही. शेवटी माझं ऐकलं गेलं. आमच्या सॉलिसिटरतर्फे कळवलंय की विक्रेत्यांनी भिंतीसाठी अर्ज करावा, आणि तुळईच्या कामासाठी किंमत ७ लाख ७० हजार करावी. रेडिंगचं घर विकणार आहोत, त्यामुळे अधिभार नाही.

विक्रेत्यांनी किंमत मान्य केली नाही, ७ लाख ९० म्हणाले. अर्ज करायला मात्र तयार झालेत. त्यांच्याकडे चहा घेताना कळलं, आधीच्या मालकांनी ती भिंत काढल्याचं त्यांनाही कायम टोचत होतं.

सदा, तुमचे सगळे आकडे नवऱ्याने वहीत उतरवून घेतलेत. तरीही आम्हाला हे घर हवंय. लेम्स्टरकर, एकटेपणाबद्दल तुम्ही इतकं स्पष्ट लिहिलंत म्हणून विशेष आभार, त्यावर आम्ही सर्वात जास्त बोललो.

रोखठोक_सदा
मत बदललेलं नाही. पण ७ लाख ९० ला हो म्हणण्याआधी तुळईच्या कामाचं लेखी अंदाजपत्रक घ्या, व्हॅट धरून. सुताराने सांगितलेल्या रकमेत व्हॅट आहे की नाही हे न विचारल्यामुळे लोक बुडतात. आणि वर काही रक्कम राखून ठेवा, कारण सिमेंट काढल्यावर आठ फुटांचे बारा फूट होतील.

मीनल_सफोक
सदांच्या या प्रतिसादाला +१. आमचे सहाचे अकरा झाले होते.

लेम्स्टरकर
व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. याच भागात ओकचं काम करणाऱ्या सुताराचा नंबर देतो, आमच्या शेजाऱ्यांचं कोठार त्याने उभं केलं.

पाऊलवाट
नंबर मिळाला, आजच फोन करते. चुनागच्ची, शेवटचा प्रश्न. पश्चिमेच्या भिंतीत परत कूड घालावा की दुसरं काही? सर्व्हेअरने दोन्ही शक्यता लिहिल्यात.

चुनागच्ची
पश्चिमेची भिंत म्हणजे पावसाचा मारा तिथेच सर्वात जास्त. विटा कधी भरल्या ते आधी ठरवा. अठराव्या शतकातल्या असतील तर त्याही इतिहासाचाच भाग, त्या राहू द्या आणि फक्त सिमेंट काढून चुन्याने सांधे भरा. विसाव्या शतकातल्या असतील तर कूड किंवा लोकरीचा थर घातलेलं चुन्याचं पॅनेल, दोन्ही चालतं. ऑफिसरशी बोलताना दोन्ही पर्यायांचे आडवे छेद काढून न्या. जुन्या इमारतींसाठी इंग्लिश कवी आणि कलाकार विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये काढलेली सोसायटी, स्पॅब, आजही फोनवर फुकट तांत्रिक सल्ला देते. सर्व्हेचा अहवाल समोर ठेवून त्यांना फोन करा आणि विटेची लांबी-रुंदी-जाडी मोजून ठेवा, त्यांचा पहिला प्रश्न तोच असेल.